मदत हवी आहे: ‘जाने भी दो यारों’बद्दल १९८३ मधील प्रेक्षकांची मते कुठे मिळतील?

कुंदन शाह दिग्दर्शित आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने अत्यंत तुटपुंज्या खर्चात निर्माण केलेल्या या विनोदी चित्रपटाविषयी मी एक लेख लिहीत असून, प्रदर्शनाच्या वेळी सामान्य प्रेक्षकांना तो कसा वाटला होता, एवढाच माझा शोध आहे.

महाजालावरील अभिप्राय मी वाचले आहेत. परंतु ते बहुतेक सर्व दूरदर्शन, व्हिडिओ कॅसेट किंवा २०१२ च्या पुनःप्रदर्शनानंतर चित्रपट पाहिलेल्यांचे आहेत. महाभारताच्या नाट्यप्रयोगातील गोंधळाचे कौतुक जवळजवळ प्रत्येकाने केले आहे (ते रास्तच आहे), मात्र शेवटी दोन्ही निरपराध छायाचित्रकारांनाच शिक्षा होते, हा कडवट शेवट तेव्हाच्या प्रेक्षकांनी विनोदी चित्रपटात कसा स्वीकारला, याचा पत्ता त्यांतून लागत नाही. समीक्षकांची परीक्षणे आणि कलाकारांच्या मुलाखती माझ्याकडे आहेत. त्यामुळे त्या सुचवू नयेत. नंतरच्या आठवणींवर पुढील कीर्तीची छाया पडलेली असते, म्हणून त्याही शक्यतो टाळायच्या आहेत.

मराठी, हिंदी वा इंग्रजी, कोणतीही भाषा चालेल. ग्रंथालयात बसून जुने अंक चाळण्याचीही तयारी आहे, फक्त कुठून सुरुवात करावी हे ठरत नाही. १९८३-८४ च्या कोणत्या नियतकालिकांत चित्रपटांविषयी वाचकांची पत्रे नियमित छापली जात, आणि त्यांचे अंक पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात किंवा अन्यत्र सर्वसामान्य वाचकाला पाहायला मिळतात का?