बियाच्या कागदी लिंबाला सहा वर्षांत एकही फूल नाही

गच्चीवाली, सहकारनगर (26 नोव्हेंबर)

नमस्कार. आमच्या गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये कागदी लिंबाचं झाड आहे. सासूबाईंनी लोणच्यासाठी आणलेल्या लिंबातलं एक बी दह्याच्या डब्यात खोचलं होतं, त्याचं हे झाड. आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पानं हिरवीगार, काटे बोटाएवढे. दोरीवरची चादर वाऱ्यानं त्यात अडकली की फाटलीच, म्हणून दर जूनमध्ये मी शेंडे छाटते. फूल मात्र आजवर एकही नाही.

ऊन सकाळी आठपासून तीनपर्यंत मिळतं. पाणी रोज संध्याकाळी अर्धी बादली. दर रविवारी शेणकाला, शिवाय महिन्यातून एकदा घरच्या ओल्या कचऱ्याचं खत दोन ओंजळी. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात, तेव्हा नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारचा मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा सगळं छान आहे.

आणखी एक. गेल्या आठवड्यात कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटून पुसायला गेले, तर ती हलली!

नर्सरीवाले म्हणाले, बियाचं झाड वांझ निघतं, उपटा आणि कलम लावा. ते मला करायचं नाही. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांना आता जिना चढवत नाही. मी पाणी घालून खाली आले की रोज एकच शब्द विचारतात, "कळी?"

कर्वेनगरची मोगरेवाली

ताई, ती शीट नव्हे, लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी तशीच काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. काडीनं हलकेच डिवचा, डोक्यामागून शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. औषध मारू नका. मी अशा अळ्या पानासकट उचलून माझ्या जुन्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवते, तोही त्याच कुळातला, तिथं त्या खुशाल खातात. मोठ्या झाडाला चार-दोन अळ्यांनी काही होत नाही.

श्रीगोंद्याचे आजोबा, सध्या हडपसर

सूनबाई, झाड उपटू नका. आमची श्रीगोंद्याला दोन एकर लिंबं होती, सगळी बियांच्या रोपांची. कागदी लिंबाची लागवड आपल्याकडे बियांपासूनच होत आली. एका बीतून कधीकधी दोन-तीन कोंब निघतात आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईसारखे होतात. वांझ कसलं? बियाचं झाड जमिनीतसुद्धा चार-पाच वर्षं घेतं, तुमचं तर ड्रममध्ये आहे.

दोन गोष्टी त्याला अडवतायत. पहिली तुमची कात्री. झाड वयात येतं ते शेंड्याकडून, आणि तुम्ही दरवर्षी नेमका तोच भाग काढून टाकता. चादरीची दोरी दुसरीकडे बांधा. बुंध्यापासून सरळसोट उठलेले पानसोट, म्हणजे नुसते पालवीचे जोमदार फुटवे, तेवढे काढा, बाकी हात लावू नका.

दुसरी गोष्ट, तुम्ही त्याचे फार लाड करताय. रोज पाणी, दर आठवड्याला शेणकाला, मग ते पालवीच काढत राहणार. फुलायला त्याला ताण लागतो. आम्ही आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचो तेव्हा डिसेंबरात पाणी तोडायचो, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची, मग जानेवारीत बुडाशी माती हलवून, खत घालून पाणी सोडायचं. पुण्यात त्या दिवसांत रात्री थंडीही असते, तिचाही उपयोग होतो. बागेला महिनाभर तरी ताण देतात. ड्रमला तेवढा देऊ नका, माती थोडी असते.

मृगाचा, म्हणजे जून-जुलैचा बहार पावसावर आपोआप येतो. हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा, सगळ्यात अवघड, कारण ताण द्यायचा तेव्हाच पाऊस पडत असतो. पण त्याची लिंबं उन्हाळ्यात येतात, भाव असतो तेव्हा. तुमच्याकडे ड्रम आहे, पुढंमागं पत्र्याखाली सरकवून तोही धरता येईल. आमच्या बागेला पत्रा कुठून आणणार?

कुंडीकर, औंध

आजोबांशी सहमत. ताण किती दिवस ते मोजू नका, पान बघा. दुपारी मान टाकून सकाळी ताठ होत असेल तर चालू द्या. सकाळीही मान खालीच असेल, तर त्याच क्षणी पाणी द्या. पहिलं पाणी अर्धा तांब्या, दुसऱ्या दिवशी एक, मग नेहमीचं. एकदम बादली ओतली की कळ्या गळतात, माझ्या झाडाच्या गळल्या होत्या.

पिवळी पानं बोअरच्या क्षारांमुळे. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. चूल किंवा होमाची राख घालत असाल तर बंद करा, तीही क्षारच. चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येतील अशा रूपातल्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांची (लोह, जस्त वगैरे) फवारणी कोवळ्या पालवीवर करा आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी ड्रममधून भरपूर वाहू द्या.

गच्चीवाली (10 फेब्रुवारी)

आजोबा, कुंडीकर, दोघांनाही मनापासून नमस्कार. 4 डिसेंबरला पाणी तोडलं. अकराव्या दिवशी पानं सकाळीही लोंबलेली दिसली, माझा जीव खालीवर झाला आणि लगेच अर्धा तांब्या घातला. खालची बरीच पानं गळली. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. त्यांनी केरात पानं पाहिली आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

जानेवारीच्या शेवटी न छाटलेल्या शेंड्यांवर, पानांच्या बेचक्यात, साबुदाण्याएवढे पांढरे मणी दिसले. आज मोजल्या, एकोणीस कळ्या आहेत. पाच उमलल्यात, त्यातली दोन फुलं खाली पडलेली होती. ती वाटीत घालून खाली आणली. सासूबाईंनी वाटी नाकाशी धरली, चष्मा काढला, आणि नंतर देवापुढे ठेवली. आता कळी विचारत नाहीत, लिंबू कधी विचारतात.

अळ्या कढीपत्त्यावर नेल्या होत्या, एक कोश फांदीला लटकलाय, त्याला धक्का लागू दिलेला नाही.

आजोबा, एक विचारायचं राहिलं. फळं मोहरीएवढी झाली की पाणी रोज घालू की एक दिवसाआड?