मदत हवी आहे: गाडी आत्ता घ्यावी की फेसलिफ्टची (त्याच गाडीच्या नव्या चेहऱ्याची) वाट बघावी?

कडकभाकरी
सोलापुरातला शोरूमवाला म्हणतोय 45 हजार सूट देतो, आत्ता घ्या, नवीन मॉडेल वर्षभर येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र झाकलेल्या गाडीचे फोटो फिरतायत. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधी गाडी दारात हवी. घ्यावी की थांबावं? लवकर सांगा, सूट 31 डिसेंबर 2025 पर्यंतच आहे.

टॉर्कबाज
कोणती गाडी? इंधन कोणतं? रनिंग किती? आणि शोरूममध्ये उभी आहे ती कोणत्या महिन्यात बनलेली?

कडकभाकरी
मारुतीची ब्रेझा हो. घ्यावी की नाही तेवढं सांगा.

बार्शीलाईट
सोपं आहे. 3 वर्षांनी फेसलिफ्ट, 6-7 वर्षांनी नवी पिढी. आत्ताची ब्रेझा जून 2022 ची. म्हणजे बदल दारात आलाय. थांबा.

टॉर्कबाज
हा हिशोब ब्रेझालाच लागू पडत नाही. मार्च 2016 ला आली, फेसलिफ्ट फेब्रुवारी 2020 ला, आणि पुढच्या सव्वादोन वर्षांत थेट नवी पिढी. 2020 चा मुहूर्त बीएस-6 या धुराच्या प्रदूषणाच्या नियमाने ठरवला. 1 एप्रिलपासून नियम लागू होणार होता, 1.3 डिझेल बंद करून 1.5 पेट्रोल बसवायचंच होतं. नवीन इंजिन म्हटलं की मान्यतेच्या चाचण्या आल्याच, मग बंपर-दिवेही त्याच झटक्यात बदलले. दुसरीकडे ह्युंदाईची क्रेटा बघा: जुलै 2015, फेसलिफ्ट 2018, नवी पिढी मार्च 2020, फेसलिफ्ट जानेवारी 2024. तिथे निदान पहिल्या फेसलिफ्टचा हिशोब बसतो.

फेसलिफ्टमध्ये नेमकं काय बदलतं तेही बघून ठेवा. बंपर, जाळी, दिवे, अलॉय, स्क्रीन. प्लास्टिकचे साचे त्यातल्या त्यात स्वस्त पडतात. दरवाजे, छप्पर, मागचा पत्रा यांच्या डाय (पत्रा दाबायचे साचे) महाग, त्यांना सहसा हात लावत नाहीत. त्या फोटोत दरवाज्याची आणि काचेची रेषा आत्ताच्या गाडीसारखीच दिसत असेल तर ते फेसलिफ्टच.

सातरस्ता
ब्रेझात काय ठेवलंय लका. टाटाची नेक्सॉन सीएनजी घ्या. टर्बो इंजिन, एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या, त्याही डिकीच्या फरशीखाली. 321 लिटर डिकी मिळते.

कडकभाकरी
नेक्सॉन विचारली नाही. आणि हो, सीएनजीच घ्यायची आहे. महिन्याला पंढरपूर, तुळजापूर, अधूनमधून पुणे.

टॉर्कबाज
हे पहिल्या ओळीत हवं होतं. सीएनजी म्हटल्यावर प्रश्नच बदलला. आत्ताच्या ब्रेझात टाकी डिकीत आहे, चार जणांच्या बॅगा बसत नाहीत. सप्टेंबर 2025 ला आलेल्या व्हिक्टोरिसमध्ये मारुतीने तीच टाकी गाडीच्या पोटाखाली घातली. दोन्ही गाड्या ग्लोबल-सी प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे खालचा सांगाडा एकाच जातीचा. त्यामुळे फेसलिफ्टला ब्रेझात ती येण्याची शक्यता बरीच.

हुरडापार्टी
प्लॅटफॉर्म एक म्हणून टाकी बसेल असं नाही. व्हिक्टोरिसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2600 मिमी, ब्रेझाचा 2500. लांबी 4360 विरुद्ध 3995. प्लॅटफॉर्ममध्ये पक्कं काय असतं? फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) ते पुढच्या एक्सलचं अंतर, पेडल, स्टिअरिंग, पुढच्या सस्पेन्शनचे जोड. मागचा भाग ओढता-कापता येतो. स्कोडाने तेच केलं: कुशाक आणि कायलॅक दोन्ही एमक्यूबी ए0 इन या एकाच प्लॅटफॉर्मवर, पण व्हीलबेस 2651 चा 2566 आणि गाडी चार मीटरच्या आत. कापाकापी जिथे होते तिथेच तर टाकीला जागा लागते.

टॉर्कबाज
मान्य. पण म्हणूनच हा बदल फेसलिफ्टलाच येईल, अधल्यामधल्या बॅचमध्ये नाही. मागची फरशी, पाइपलाइन, एक्झॉस्टचा मार्ग, मागून धडकेची चाचणी, सगळं नव्याने करावं लागतं.

चादरवाला
शोरूममधून सिरॅमिक कोटिंग करू नका, बाहेर निम्म्यात होतं.

सातरस्ता
कोटिंगचं कुणी विचारलंय बे?

बार्शीलाईट
चार मीटरच्या आत असून ब्रेझा मारुतीच्याच फ्रॉन्क्सपेक्षा इतकी महाग का?

हुरडापार्टी
कमी करासाठी नुसती लांबी पुरत नाही, पेट्रोल-सीएनजीला इंजिन 1200 सीसीच्या आत लागतं. ब्रेझाचं 1462, म्हणून 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 40 टक्के. फ्रॉन्क्सचं 1197 किंवा 998, म्हणून 18. ती बलेनोच्या हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवर आहे, बलेनोची इंजिनं तयारच होती. क्रॉसओव्हरला (छोट्या गाडीवरून केलेल्या उंच गाडीला) प्लॅटफॉर्म निवडताना कारखान्यात कोणतं इंजिन आणि कोणती लाइन मोकळी आहे, हे आधी बघतात. बाकीचं ब्रोशरवाले लिहितात.

सातरस्ता
पोटाखालच्या टाकीला आपल्या रस्त्यांचे दगड लागतील त्याचं काय? आणि दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) आहेच. डिकीतली टाकी काढणं सोपं, खालची काढायला लिफ्ट लागणार.

टॉर्कबाज
टाकीला खालून संरक्षक पत्रा असतो. लिफ्टचं मात्र बरोबर. कडकभाकरी, गाडीचा महिना अजून सांगितला नाहीत.

कडकभाकरी
सेल्समन टाळत होता. शेवटी चेसिस नंबर मागितला, तेव्हा कळलं. मे 2025.

टॉर्कबाज
मग ही सूट फेसलिफ्टच्या भीतीने आलेली नाही, सात महिने पडून राहिलेल्या मालावरची आहे. डिकी रिकामी हवी असेल तर थांबा. गड्ड्याला गाडी हवीच असेल तर घासाघीस 45 वर थांबवू नका. विकताना गाडी बनल्याचं वर्ष 2025 च धरलं जाईल, त्यामुळे एवढ्या सवलतीत जानेवारीत नोंदणी करू नका, याच महिन्यात पासिंग करून घ्या. पैसे देण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज मोजा, गाडी रात्रभर बंद ठेवून. 12.4 च्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायर, स्टेपनीसकट. आणि हे सगळं बुकिंग फॉर्मवर लिहून घ्या. सेल्समनचं तोंडी "होऊन जाईल साहेब" पासिंगनंतर कामाला येत नाही.

कडकभाकरी
स्टेपनीचा टायर 2024 चा आहे. तो बदलून देतील का?

हुरडापार्टी
सही करण्याआधी मागितलात तर देतील.