चार सेशन्स झाली, मुलगा गप्प आहे, आणि चूक माझीच झालीय

नौपाड्याची_समुपदेशक:
एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसते, तीन वर्षं झाली. कासारवडवलीहून १७ वर्षांचा मुलगा येतो, आईबरोबर टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या बसने. क्लास सोडलाय, रात्रभर जागा, मध्येच ताटबीट फेकतो. आई बाहेर बाकावर, हा आत बॅगेच्या चेनचं रबर सोलत. "बरंय." "माहीत नाही." "तुम्हीच सांगा."

तिसऱ्या वेळी निघता निघता म्हणाला, बसमधून मेट्रोच्या खांबांवरचे आकडे वाचत येतो, तेवढा वेळ डोकं गप्प बसतं. चेन सोलण्यापलीकडे पहिलंच काहीतरी. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं. आईने रात्री जेवताना विचारलं, "खांब मोजतोस म्हणे?"

चौथ्या वेळी बॅग मांडीवर घट्ट धरून बसला. एकच प्रश्न विचारला: "आईला सांगायचे पैसे वेगळे घेता का?"

माफी मागू, की दुसऱ्या कुणाकडे पाठवू?

नेरुळकर_काका:
पाठवू नकोस, त्याला वाटेल टाकला. माफी माग, पण दोन वाक्यांत. "मला आनंद झाला म्हणून" वगैरे स्पष्टीकरण नको, ते तुझ्यासाठी असतं.

मग नियम सांग, खरं तर हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. "सगळं गुप्त राहील" हे कधीही बोलू नकोस. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर बोलावं लागतं. १८ च्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे त्याला आधी माहीत हवं.

आणखी एक. बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलंय की नुसती जवळीक पुरत नाही, कशासाठी भेटतोय आणि काय करायचं यावरही दोघांचं जमायला लागतं. क्लासला परत जाणं हे आईचं ध्येय. त्याचं कुठलं, विचारलंस का?

ऐरोलीचा_जुना_पेशंट:
ताई, मी असाच होतो. मुद्दाम एक खोटी गोष्ट सांगायचो आणि ती घरी पोचते का बघायचो. तुमच्याकडे खरी पोचली, म्हणून जास्त लागलं. आणि समोरासमोर बसवू नका. माझ्या मॅडमनी दोन्ही खुर्च्या खिडकीकडे वळवल्या होत्या. रस्त्याकडे बघत बोलणं सोपं जातं.

दोन_मुलांची_आई:
बाकावरच्या बाईचंही बघा हो. तिला काहीच कळलं नाही की ती फोन करणारच.

नौपाड्याची_समुपदेशक:
काल आला. खुर्च्या वळवल्या. माफी मागितली, तो काही बोलला नाही. नियम सांगितले, तेव्हा "पोलीस" शब्दावर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. का, ते विचारलं नाही. ध्येयाचंही राहिलं.

शेवटी म्हटलं, आईला आज काय सांगू, तूच ठरव. बराच वेळ बाहेरच्या रिक्षा बघत बसला. मग म्हणाला, "सांगा, तो पाणी प्यायला."

दार उघडून आईला तेवढंच सांगितलं. तो मागे उभा राहून ऐकत होता.