शेजाऱ्यांचा कचरा आमच्या बादलीत

मोगरा_अंगणी:

नमस्कार. आम्ही पुण्यात १४ रो-हाऊसच्या एका गल्लीत राहतो. गल्लीची नोंदणीकृत सोसायटी नाही, त्यामुळे सचिव, नोटीस फलक, मासिक सभा यांपैकी काहीच नाही. कचरा गोळा करणाऱ्या ताई सकाळी सव्वानऊच्या सुमारास ढकलगाडी घेऊन येतात आणि महिन्याचे पैसे घरोघरी मागून नेतात. माझे गुडघे दुखत असल्याने ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या दोन्ही बादल्या मी रात्रीच फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून देते. भाजीची देठे, फळांच्या साली आणि निर्माल्य आम्ही गच्चीवरच्या कुंड्यांत जिरवतो, म्हणून ओल्या बादलीत थोडे खरकटे आणि माशांचे काटे यांपलीकडे फारसे काही नसते. ती निम्मी रिकामी असते, आणि कदाचित तेच आमच्या मुळावर आले असावे.

गेले तीन महिने आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी त्या बादलीत गाठ मारलेली काळी पिशवी सापडते. मागच्या मंगळवारी ताईंनी ती माझ्यासमोरच सोडली. आत आंबलेला भात, त्यात रुतलेला डायपर, औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि फुटलेल्या पेल्याचा तळ होता. पेल्याची कड त्यांच्या अंगठ्याला लागली. त्यांनी हात झटकला, पदराला पुसला आणि एवढेच म्हटले, "काकू, तुमच्या घरून असं येईल असं वाटलं नव्हतं." मी हळद आणि पट्टी आणून दिली, पिशवी आमची नाही हेही सांगितले, परंतु बादलीवर आमचेच आडनाव रंगवलेले असताना त्या सांगण्याला कितीसे वजन असणार?

अशा वेळी कचऱ्याची जबाबदारी कोणावर येते? नाव-पत्त्याचा कागद मिळतो का, हे पिशवीत शोधणे योग्य आहे का? की सरळ कॅमेरा बसवावा? सासूबाईंच्या मते पिशवी उचलून संशयिताच्या दारात ठेवावी. मला ते पटत नाही, कारण संशय चुकला तर आपणही तेच केले असे होईल.

निवृत्त_लेखनिक:

मोगराताई, कायद्याचे आधी सांगतो, कारण त्यात आशा ठेवण्यासारखे थोडेच आहे. ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतील चौथ्या नियमाने कचरा निर्माण करणाऱ्यावर काही कर्तव्ये घातली: ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगवेगळा ठेवणे, डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून देणे, कचरा अधिकृत संकलकाच्या हाती सोपवणे, तो रस्त्यावर किंवा नाल्यात न टाकणे आणि ठरलेले शुल्क भरणे. 'शेजाऱ्याच्या बादलीत टाकू नये' असे वाक्य त्यात नव्हते, पण सर्व कचरा एकत्र बांधून दुसऱ्याच्या नावावर खपवणाऱ्याने वर्गीकरणही केले नाही आणि कचरा कोणाच्या हाती सोपवलाही नाही, हे उघड आहे. क्षेत्रीय कार्यालयात तक्रार जरूर करता येईल. मात्र पाहणीला आलेल्या आरोग्य निरीक्षकाला जे दिसते ते तुमचे फाटक आणि तुमची बादली, आणि दंडाची पावती फाडायचीच झाली तर ती प्रथम तुमच्याच नावाने फाडली जाण्याचा धोका आहे.

म्हणून माझ्या मते उपाय बादलीच्या वेळेत आहे. रात्रभर कट्ट्यावर उभी असलेली उघडी बादली ही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीने सार्वजनिक कुंडीच असते. ती फाटकाच्या आत, ताईंचा हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवा आणि कडी काढून घेण्याची मुभा त्यांना द्या. कागद वरवर दिसला तर वाचा, पण त्यासाठी पिशवी उपसू नका. आणि दिसलेल्या नावाचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर कृपया टाकू नका. आमच्याकडे अशा एका फोटोवरून दोन घरांचे गणपतीला येणे-जाणे बंद झाले, आणि ती पिशवी प्रत्यक्षात त्यांच्या भाडेकरूची होती.

पेठेतला_पाहुणा:

आम्ही कचऱ्याच्या डब्यावरच 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लावली होती. पुण्यात आणखी काय करणार? तिसऱ्या दिवशी पाटीही डब्यात सापडली.

सकाळी_सात_बावीस:

मी जरा अवघडत लिहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी तो शेजारी मी होतो. आम्ही दोघेही नोकरी करणारे. सात बावीसला घराला कुलूप लागायचे आणि घंटागाडी आमच्या रस्त्यावर दहाला यायची. मुंग्या लागतात म्हणून कचरा दिवसभर घरात ठेवता येत नव्हता, आमची बादली बाहेर ठेवली तर कुत्री ती आडवी करून रस्त्यावर पांगवायची, आणि शेजारच्या आजोबांची झाकणाची, घट्ट, जड बादली समोरच असायची. 'त्यांच्या बादलीत तशीही जागा असते' असे आम्ही एकमेकांना सांगत असू. त्यात कोणाला त्रास होत असेल, हे खरोखर डोक्यात आले नव्हते. आज लिहिताना ते हास्यास्पद वाटते.

आजोबांनी भांडण केले नाही. एका रविवारी ते आमच्याकडे आले, चहा घेतला आणि विचारले, "तुम्ही निघता किती वाजता?" मग त्यांनीच सुचवले की आम्ही झाकणाच्या दोन बादल्या घ्याव्यात, सकाळी जाताना त्यांच्या फाटकाच्या आतल्या बाजूला ठेवाव्यात, आणि गाडी आली की ते आपल्यासोबत आमच्याही बाहेर काढतील, अट एकच, ओला आणि सुका कचरा वेगळा हवा. शुल्क घरमालक भरतात असे आम्ही गृहीत धरले होते, ते कोणीच भरत नव्हते, तेही त्याच दिवशी कळले. आपल्या गल्लीत सव्वानऊच्या आधी घराबाहेर पडणारी घरे किती, एवढे मोजून पाहिलेत तरी संशयाचे वर्तुळ बरेच लहान होईल, असे सुचवतो.

ऱ्हाईनकाठचा:

जर्मनीत राहतो, म्हणून दोन ओळी. इथे अनेक नगरपालिकांत कचऱ्याच्या डब्याचा आकार आणि तो किती वेळा रिकामा केला जातो यावर शुल्क ठरते, त्यामुळे दुसऱ्याच्या डब्यात पिशवी टाकणे म्हणजे थेट त्याच्या खिशात हात घालणे होते. काही लोक डब्याला असे कुलूप बसवून घेतात की गाडीने डबा उपडा केला की ते आपोआप उघडते. जैविक कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिक दिसले तर बऱ्याच ठिकाणी डबा तसाच सोडून त्यावर चिठ्ठी अडकवली जाते. म्हणजे ताईंचे 'तुमच्या घरून असं' इथे छापील स्वरूपात मिळते, आणि बाजू मांडायला समोर कोणी उभेही नसते.

भंगार_नव्हे:

चर्चा बादलीच्या मालकाभोवती फिरते आहे, म्हणून पिशवी सोडणाऱ्या हातांबद्दल थोडे लिहिते. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ मध्ये स्थापन झाली आणि पुढे त्यांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचे संकलन हाती घेतले. या व्यवस्थेत कचरावेचकाचे उत्पन्न दुहेरी असते: घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निवडून विकलेला माल. पुठ्ठा, कागद, बाटल्या, पत्रा यांना भाव मिळतो तो कोरडे आणि स्वच्छ असतील तर. आंबलेल्या भाताचे पाणी पुठ्ठ्यात उतरले की तो माल गेला. डायपर तर निव्वळ ओझे आहे. त्याला गिऱ्हाईक नसते, आणि इतर कचऱ्यात मिसळला की आजूबाजूचेही घेऊन जातो. म्हणजे मोगराताईंच्या बादलीतल्या त्या एका पिशवीने अंगठा कापलाच, शिवाय त्या दिवसाची थोडी कमाईही खाल्ली असणार.

डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम पुण्यात यासाठीच चालवली गेली. उद्देश इतकाच की हातात घेणाऱ्याला न सोडता कळावे. फुटलेली काच जाड कागदात किंवा खोक्यात घालून, वर ठळक 'काच' लिहून, शक्यतो हातात द्यावी. ताईंना रबरी हातमोजे घेऊन देण्याचा विचार असेल तर मापाचे विचारून घ्या. सैल मोजे बोटांच्या टोकाला अडकतात आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या दांडीला लटकलेले दिसतात.

मोगरा_अंगणी:

सर्वांचे आभार. बादल्या मी फाटकाच्या आत घेतल्या, त्याला आता १५ दिवस झाले. पहिल्या तीन दिवसांत पिशवी फाटकाच्या कडीला लटकवलेली मिळाली, म्हणून चौथ्या दिवशी पावणेसातला तुळशीला पाणी घालण्याच्या निमित्ताने अंगणात उभी राहिले. तिसऱ्या घरातील भाडेकरू मुलगी कडेवर बाळ आणि हातात पिशवी घेऊन आली आणि मला पाहताच जागीच थबकली. 'सात बावीस' यांचे उत्तर वाचलेले नसते तर मी काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखे नाही. मी वेळ विचारली. ती बाळाला पाळणाघरात सोडून सातला कंपनीची बस पकडते. घरमालकाने "कचऱ्याचे मी बघतो" असे सांगितले होते आणि तो नाशिकला राहतो.

आता तिच्या दोन बादल्या आमच्या अंगणात असतात. डायपर कागदात गुंडाळलेला आणि लाल स्केचपेनचा ठिपका काढलेला येतो. काचेबद्दल ताईंची क्षमा तिने शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, समोर उभे राहून मागितली, ताई म्हणाल्या, "पैसे पहिल्या तारखेला द्या म्हणजे झालं." घरमालकाला फोन करण्याची मात्र अद्याप तिच्या मनात भीती आहे, तो मी करणार आहे.

रविवारची पिशवी अजून येते. ती या मुलीची नाही. पिवळी असते, बिनगाठीची, आणि तिच्यात हमखास कलिंगडाची साले असतात. आमच्या ओळीत इतके कलिंगड कोण खाते याचा तपास सासूबाईंनी स्वतःकडे घेतला असून, त्यासाठी त्या हल्ली फळवाल्याशी बराच वेळ बोलत उभ्या असतात.