विषय: उत्तर: दिवाळीच्या एकांकिकेतला ‘तो’ शब्द

प्रेषक: ईशान

नमस्कार मंडळी,

एकांकिकेतून ‘पाकी’ हा शब्द, म्हणजे इथले गोरे आपल्यासारख्या सगळ्याच दक्षिण आशियाई लोकांना देतात ती शिवी, काढा, असं मंडळाच्या कार्यकारिणीने कळवलंय. मला ते पटलेलं नाही. आम्ही बहुतेक जण इथेच, ब्रिटनमध्ये वाढलो. शाळेच्या बसमध्ये मागच्या सीटवरून तो शब्द आला की खिडकीकडे तोंड करून ऐकलंच नाही असं दाखवायचं, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. शेवटच्या प्रवेशात चार मित्र एकमेकांना त्याच नावाने हाका मारतात आणि हसतात, कारण आता त्याची भीती गेलीय. अमेरिकेत ‘द स्लँट्स’ या आशियाई मुलांच्या बँडने तिरप्या डोळ्यांवरून स्वतःला दिली जाणारी शिवीच नाव म्हणून घेतली, ट्रेडमार्कसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि २०१७ मध्ये जिंकले. मग मनाई आम्हालाच का?

ईशान

प्रेषक: वैशाली

ईशान,

तुला तो शब्द उच्चारायचा हक्क नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याने मार खाल्लाय त्याचा त्यावर हक्क आहेच. मारणाऱ्यांनी तरी कुठे पासपोर्ट बघितले? १९७६ साली साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या शीख मुलाचा खून झाला. १९७८ साली पूर्व लंडनमध्ये अल्ताब अलीला मारलं. तो बांगलादेशी, कपड्यांच्या कारखान्यातला कामगार, काम संपवून घरी निघाला होता. दोघांतला एकही पाकिस्तानी नव्हता.

पण आपली मराठी घरं यावर काय म्हणायची, ते आठव. ‘आम्ही पाकिस्तानी नाही हो, इंडियन आहोत.’ म्हणजे शिवीबद्दल तक्रार नव्हतीच, ती चुकीच्या दारात आली एवढीच तक्रार. आणि आजही भारत-पाकिस्तान मॅच असली की आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच शब्द खुशाल पडतो, कुणी हटकत नाही. जो शब्द आपण अजून दुसऱ्यावर फेकतोय, तो ‘आम्ही आपलासा केला’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तुझ्या चौघांत एकही पाकिस्तानी मुलगा नाही, हे मला संहिता वाचताना सगळ्यात जास्त खटकलं. ज्यांच्या देशाच्या नावावरून शिवी बनली, तेच त्या हसण्यात नाहीत.

शिवाय ‘आपसातली गंमत’ या सबबीची मला धास्ती वाटते. यॉर्कशर क्रिकेट क्लबच्या चौकशीत अझीम रफिक या पाकिस्तानी वंशाच्या खेळाडूला उद्देशून वापरलेला हाच शब्द मैत्रीतली थट्टा ठरवला गेला होता. २०२१ मध्ये संसदेच्या समितीपुढे बसून त्याला आपली व्यथा सांगावी लागली. थट्टा होती की नव्हती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं असतं.

शिवी आपलीशी करावी का, यावर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचंही एकमत नाही बरं. त्यांच्या ‘एनएएसीपी’ या जुन्या संघटनेने २००७ मध्ये डेट्रॉइटला त्यांच्यावरच्या शिवीची, ‘एन’ने सुरू होणाऱ्या शब्दाची, शवपेटीसकट अंत्ययात्रा काढली होती.

तुम्ही चौघं घरी एकमेकांना काय म्हणता, त्यात मी पडणार नाही. मंडळाच्या स्टेजवरून म्हटलं की मात्र ते आम्हा सगळ्यांच्या वतीने होतं.

वैशालीकाकू

प्रेषक: ईशान

काकू,

चौघांत पाकिस्तानी मुलगा नाही, हे खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवटचा प्रवेश बदलतो. बसमधला प्रवेश मात्र शब्दासकट राहील. तिथे तो गोरी मुलं म्हणतात, आणि त्याजागी नुसतं ‘बीप’ ऐकवलं तर पुढच्या रांगेतल्या कुणाला काही कळणारच नाही. त्याच प्रवेशानंतर घरी आल्यावर बाबा मुलाला म्हणतील, ‘त्यांना सांगायचं, आम्ही इंडियन आहोत.’ हे वाक्य मी नव्याने घालतोय. ते कुणी काढायला सांगू नये.

आणि कार्यकारिणीला एक विनंती. स्टेजला नियम लावताय तर ग्रुपलाही लावा. पुढच्या मॅचला तो शब्द दिसला, तर ॲडमिननी मेसेज काढावा आणि का काढला ते तिथेच लिहावं. टाकणारा मंडळाचा माजी अध्यक्ष असला तरीही.

ईशान