अनुभव धागा: परीक्षा बदलायच्या आत पुन्हा बसायचं की थांबायचं?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, सीए इंटरला (सीएच्या मधल्या टप्प्याला, त्यापुढे फायनल) आहे. टॅक्सला ३८ पडले (लागतात ४०) आणि ग्रुप १, म्हणजे पेपरांचा पहिला गट, राहिला. आता घरात, क्लासच्या जिन्यात एकच विषय चाललाय. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा आलाय, १ एप्रिल २०२६ पासून लागू. प्रीव्हियस इयर (कमाईचं वर्ष), असेसमेंट इयर (त्यावर कर ठरायचं वर्ष) जाऊन एकच टॅक्स इयर, कलमांचे नंबर सगळे नवे. परीक्षेत तो यायच्या आत जुन्यावरच बसावं का? २०२३ ला स्कीम, म्हणजे अभ्यासक्रम आणि पेपरांची रचना, बदलताना ज्यांनी असा निर्णय घेतला, त्यांनी सविस्तर लिहा. निकाल काहीही लागलेला असो.

पोवई नाका, सातारा

मे २०२३ ची मार्कलिस्ट मला अजून पाठ आहे. ग्रुप २: ४८, ४५, ५१, ४९. प्रत्येक विषयात चाळीसच्या वर, पण बेरीज १९३ आणि लागतात २००. सात मार्कांनी गेलो. नोव्हेंबर २०२३ हा जुन्या स्कीमचा शेवटचा अटेंप्ट होता. नव्या स्कीममधून ईआयएस (कंपन्यांच्या संगणक यंत्रणांचा विषय) आणि इकॉनॉमिक्स जाणार म्हणून मित्र खुशीत होते. माझे सगळ्यात जास्त मार्क, ते ५१, ईआयएस-एसएमच्या (एसएम म्हणजे स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) पेपरलाच होते! मग ठरवलं, जुन्यातच बसायचं. विषय येत होते, लिहिणं कमी पडत होतं. रोज सकाळी ऑडिटची दोन उत्तरं घड्याळ लावून लिहायची, स्टँडर्डचा नंबर आणि त्यातले नेमके शब्द आलेच पाहिजेत. पेपर ऐन दिवाळीत आले. आईने टेबलावर ठेवलेला फराळाचा डबा शेवटच्या पेपरनंतरच उघडला. बेरीज २०९ झाली.

विश्रामबाग, सांगली

माझं उलट झालं. फायनलचा ग्रुप २ राहिला होता आणि आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातलं सक्तीचं प्रशिक्षण) चालू होती. ऑफिसात मार्केट यार्डातल्या हळद-बेदाणा व्यापाऱ्यांची टॅक्स ऑडिट्स, त्यामुळे ३० सप्टेंबरपर्यंत पुस्तकाला हात नाही. नव्या स्कीममध्ये काय येईल या धास्तीने फॉर्म भरला आणि पाच आठवड्यांत चार पेपर रेटायला गेलो. दोन विषयांत तिशीसुद्धा गाठली नाही. ऑगस्टमध्येच सरांकडे रजा मागायला हवी होती. शब्द ओठांवर यायचे, तेवढ्यात टेबलावर आणखी तीन फायली पडायच्या. मे २०२४ ला नव्या स्कीममध्ये रजा घेऊन बसलो आणि निघालो. अटेंप्ट जुना की नवा हे नंतर बघ, हातात दिवस किती आहेत ते आधी मोज.

कराड

थोडक्यात सांगतो. फायनल ग्रुप १, लॉला ६२ म्हणजे एक्झम्पशन हातात, तो पेपर पुन्हा द्यायला नको आणि मार्क बेरजेत धरले जातात. नव्यात चारऐवजी तीन पेपर म्हणून नोव्हेंबर २०२३ सोडला. पण लॉ ग्रुपमधून निघून सेल्फ-पेस्ड मॉड्यूलमध्ये (आपल्या सोयीने वेगळी द्यायची परीक्षा) गेला आणि बेरजेला त्या ६२ चा जो टेकू होता तो निघाला. पुढे दोन अटेंप्ट लागले. तुझ्या बाबतीत स्कीम तीच आहे, फक्त एका पेपरातला कायदा बदलतोय. आमच्या वेळेइतकी उलथापालथ नाही.

मिरज

पोरी, मी कर सल्लागार आहे, माझी मुलगीही इंटरलाच आहे. नवा कायदा समोर घेऊन बसलो तेव्हा मलाही आधी परकं वाटलं. ५३६ कलमं, जागोजागी तक्ते. पण उत्पन्नाची पाच शीर्षं तीच आहेत, पगाराचं गणितही ओळखीचंच. शिवाय २०२५-२६ च्या उत्पन्नाची रिटर्न्स १९६१ च्या कायद्यानेच भरायची आहेत, त्यामुळे जुना अभ्यास ऑफिसात कामाला येणारच. मुलीला मी एकच विचारलं, टॅक्समध्ये तुझे मार्क नेमके कुठे गेले? तिला सांगता येईना. तूही बघ.

धागाकर्ती

काका, उत्तरपत्रिकेची प्रत मागवली होती. मेल येऊन आठवडा झाला, उघडायचा धीर होत नव्हता. तुमचं वाचून आज उघडली. इन्कम टॅक्सची उत्तरं बरी आहेत. मार्क गेलेत ते जीएसटीत. इनपुट टॅक्स क्रेडिटचं (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचं) गणित अर्ध्यात सोडलंय, खाली नुसती आखलेली रेघ. आणि त्या भागाला नव्या प्राप्तिकर कायद्याचा धक्काही लागत नाही. येत्या अटेंप्टलाच बसतेय. सोमवारपासून आधी जीएसटी.