विश्वास कमी पडला म्हणून?

वर एका ताईंनी लिहिलंय, विश्वास पक्का असेल तर आजार राहतच नाही. बोलायला सोपं आहे, ताई. माझी आई खानापूरहून आठवड्यातून दोनदा बेळगावला डायलिसिसला येते, चार वर्षं झाली. तिच्या स्टीलच्या तांब्यावर आम्ही नेलपॉलिशने रेघ मारलीय. दिवसभराचं पाणी तेवढंच, चहा-आमटीही त्यातच धरायची. मे महिन्यात बर्फाचा खडा गालात धरून बसते बिचारी. अशा बाईला एका प्रार्थनासभेत ऐकवलं गेलं, "मनात कुठंतरी शंका असेल बघा." त्या रात्री ती जेवली नाही.

मग बायबलमधल्या प्रेषित पौलाचं काय? त्याच्या हातून लोक बरे झाले, पण स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवूनही तो राहिलाच. त्रफिम या सोबत्याला तर मिलेत शहरात आजारी ठेवून आलो, असं तो आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सरळ लिहितो. त्या तीमथ्यालाही पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, म्हणजे औषधपाणी कर. (आमच्या मंडळीत ही ओळ कुणी मोठ्यानं वाचत नाही, ते जाऊ दे.) आणि बायबलातलं ८८वं स्तोत्र अंधारावरच संपतं. शेवटी स्तुती नाही, काही नाही.

आई आधी देवाला "बरं कर" म्हणायची. आता सुई टोचताना नुसतं "बस माझ्याजवळ" म्हणते. कधी चिडतेही त्याच्यावर, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. उद्या गुरुवार, साडेपाचची बस आहे आमची.